गृहदुरुस्ती, मराठवाड्यातील

घराचे छत, भिंती, जमीन, दारे-खिडक्या आणि घरातील लाकडी सामान यांची झीज भरून काढण्यासाठी घरच्या माणसांनी स्वतः किंवा गावच्या कारागिरांच्या साहाय्याने वेळोवेळी केलेली डागडुजी म्हणजे गृहदुरुस्ती होय. घर बांधणे ही एका पिढीत बहुधा एकदाच घडणारी गोष्ट असते; दुरुस्ती मात्र दरवर्षी करावी लागते. असे असूनही वास्तुकलेच्या इतिहासात बांधकामाची नोंद होते, दुरुस्तीची क्वचितच होते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. येथील मातीच्या सपाट छतांवर दर उन्हाळ्यात मातीचा नवा थर देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पावसापासून घर राखणारी हीच दुरुस्ती १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरली आणि पुढे दुरुस्तीच्याच मार्गाने घरे सुरक्षित करण्याचा एक मोठा प्रयोग याच प्रदेशात झाला.

भूमी व साहित्य : मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा (बेसाल्टचा) आहे. त्यामुळे भिंतींसाठी दगड मुबलक मिळतो. शेताची काळी माती मात्र बांधकामास फारशी उपयोगी नसते. ती पाण्याने फुगते व वाळल्यावर तिला भेगा पडतात. म्हणून घरासाठी वेगळी माती शोधावी लागे. मराठी ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणत. शतकानुशतकांच्या वस्तीमुळे राख, शेणमूत व पडक्या भिंतींची माती मिसळून गावठाणाची जमीन फिकट रंगाची झालेली असे. भिंती लिंपण्यासाठी हीच पांढरी माती वापरीत. जुन्या ओसाड वस्त्यांची टेकाडेही यासाठी खणली जात आणि त्यांतून प्राचीन खापरे, मणी व नाणी वर येत. अशा रीतीने एका काळातील घराची माती पुढील काळातील घराच्या दुरुस्तीस लागत असे.

छतासाठी खारी माती अधिक चांगली समजली जाई. तिच्यातील सोडियमच्या क्षारांमुळे ओली झाल्यावर चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात, मातीतील छिद्रे बुजवितात आणि पाणी खाली झिरपू देत नाहीत. शेतीस निरुपयोगी ठरलेली खारवट जमीन छतास उपयोगी पडते, हे ज्ञान शेतकऱ्यांना अनुभवाने मिळालेले होते.

माळवदाची रचना : मातीच्या सपाट छतास मराठवाड्यात ‘माळवद’ व अन्यत्र ‘धाबे’ म्हणतात. कोकणात पाऊस मुसळधार असल्याने तेथे उतरती छपरे करतात आणि पावसाळ्यापूर्वी त्यांची शाकारणी करतात. मराठवाड्यात पाऊस त्यामानाने बराच कमी, उन्हाळा कडक आणि लांब लाकूड दुर्मिळ, म्हणून येथे सपाट छत सोयीचे ठरले. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर आणि सरांवर किलचांचा म्हणजे लहान लाकडी तुकड्यांचा दाट थर अशी त्याची बांधणी असते. त्यावर झाडपाला किंवा तुरकाट्या पसरून माती घालतात व ती चोपून घट्ट करतात. पाणी वाहून जाण्यासाठी छताला किंचित उतार व कडेला पन्हाळी ठेवतात. दोन तुळयांमधील जागेस ‘खण’ म्हणतात आणि घराचा आकार खणांच्या संख्येने सांगतात. भिंती दोन्ही अंगांनी दगड रचून, मधली पोकळी दगडांच्या कपच्या व माती यांनी भरून उभारीत. त्यांची जाडी साठ सेंमी. पासून एक मीटरपर्यंत व क्वचित त्याहूनही अधिक असे. जाड भिंत व जड माळवद यांमुळे घर उन्हाळ्यात थंड राही. जाड भिंत ही घराण्याच्या प्रतिष्ठेचीही खूण होती.

माळवद हे केवळ छत नव्हे, तर घराचे दुसरे अंगणच होते. तेथे धान्य, मिरच्या, कुरडया व पापड वाळत घालीत आणि उन्हाळ्यात रात्री झोपत. सतत वावर असल्याने माती दाबलेली राही आणि एखादी भेग पडल्यास ती तत्काळ लक्षात येई.

वार्षिक दुरुस्ती : मृग नक्षत्र लागण्यापूर्वी माळवदावरील वाळलेले गवत मुळासकट उपटीत, उंदीर-घुशींची बिळे बुजवीत, पन्हाळी साफ करीत आणि खारी माती आणून तिचा थर पसरीत. पहिल्या पावसात तो भिजला की चोपण्याने चोपून किंवा पायांनी तुडवून बसवीत. भर पावसात छत गळू लागल्यास गळतीच्या जागी राख व माती टाकून पुन्हा चोपीत. कोणतेही खास अवजार किंवा विकतचे साहित्य यासाठी लागत नसे. बैलगाडी, खोरे, टोपली आणि घरातील माणसे पुरेशी असत.

भिंती व जमिनी यांची निगा मुख्यतः स्त्रिया राखीत. शेणमातीने जमीन सारवणे, पोतेऱ्याने चुलीला पोतेरे देणे, भिंतींचे पोपडे काढून भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा करणे, नवी चूल घालणे, बांबूच्या कणग्या आतून-बाहेरून लिंपणे, भिंतीच्या जाडीतील बळदाचे तोंड धान्य भरल्यावर बंद करणे ही कामे त्यांच्याकडे होती. दसरा-दिवाळीपूर्वी भिंतींना पांढरी माती किंवा चुना व खालच्या पट्ट्याला गेरू लावीत. या कामांची मजुरी कोठेही मोजली गेली नाही. तथापि मातीच्या घराचे आयुष्य प्रामुख्याने त्यांवरच अवलंबून होते. सारवण वर्षभर थांबले, तर जमीन उखडते. गिलावा दोन-तीन पावसाळे झाला नाही, तर भिंतीच्या सांध्यांतील माती वाहून जाऊ लागते.

लाकूड व लोखंड यांची कामे सुतार व लोहार हे बलुतेदार करीत [⟶ बलुतेदार]. खचलेल्या तुळईला टेकू देणे, वाळवीने खाल्लेला खांबाचा बुंधा कापून नवा तुकडा जोडणे, दाराची बिजागरी, कडी व कोयंडा बदलणे यांसाठी प्रत्येक वेळी रोख मोबदला द्यावा लागत नसे. सुगीच्या वेळी ठरलेला धान्याचा वाटा त्यांना मिळे. याचा एक परिणाम असा, की लहानसहान दुरुस्ती लांबणीवर टाकण्याचे आर्थिक कारण उरत नसे. विसाव्या शतकात रोख मजुरीचा व्यवहार वाढला, कारागीर शहरांकडे गेले आणि ही व्यवस्था विस्कळीत झाली. त्यानंतर सुताराचे काम खर्चाचे झाले. माती टाकणे मात्र फुकटच राहिले. परिणामी छतावर माती वाढत गेली आणि तिचा भार वाहणाऱ्या लाकडाकडे दुर्लक्ष होत गेले.

घरातील सामान : जुन्या घरात हलविता येण्याजोगे सामान थोडे असे. कोनाडे, देवळ्या, फडताळे व खुंट्या भिंतीतच असत. त्यांखेरीज पाट, चौरंग, तिवई, मांडणी, पेटारा, बाज व सधन घरांत झोपाळा एवढेच सामान आढळे. या वस्तू टाकून देण्याची कल्पना प्रचलित नव्हती. बाजेची दोरी सैल झाली, की पायथ्याकडील ताण ओढून ती घट्ट करीत. दोरी तुटू लागली, की अंबाडीची किंवा तागाची नवी दोरी वळून घरीच बाज विणीत. पुढे सुती नवार व त्यानंतर प्लॅस्टिकची पट्टी आली. परंतु चौकट तीच राहिली. मोडक्या दाराच्या फळीचा पाट होई आणि जुन्या तुळईच्या तुकड्यातून चौरंगाचे पाय निघत. लाकडाला जवसाचे तेल चोळीत. ते लाकडात मुरून वाळते व ओलाव्यापासून त्याचे रक्षण करते.

जुन्या सामानाचे सांधे खाच पाडून व लाकडी खुंटी ठोकून केलेले असत. असा सांधा खुंटी काढून उघडता येतो, झिजलेला एकच भाग बदलता येतो आणि वस्तू पुन्हा जोडता येते. सरस वापरला तरी तो प्राणिज असे व ऊब आणि पाणी यांनी सुटे. १९५९ मध्ये फेव्हिकॉल हा कृत्रिम सरस बाजारात आला. त्यानंतर प्लायवुड व वरून चिकटविण्याचे सनमायकासारखे पत्रे यांचा प्रसार झाला. यांमुळे सामान सुबक व स्वस्त झाले. तथापि चिकटवलेला सांधा उघडत नाही आणि प्लायवुड एकदा फुगले की दुरुस्त होत नाही. सागवानी सामानाचे मात्र जुने रोगण काढून, काचकागदाने घासून व लाखेचे पॉलिश देऊन आजही सहज पुनरुज्जीवन करता येते. जुन्या वाड्यांतील सागाला मागणी असते, ती याच कारणाने.

शहरातील परंपरा : १६१० मध्ये मलिक अंबरने वसविलेली खडकी पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली, तरी शहराच्या जुन्या भागांत लाकडी खांब, चौक व चुन्याचा गिलावा असलेल्या वाड्यांची परंपरा टिकून राहिली. चुना भिजवून मुरवीत, बैलाच्या घाणीत वाळूसह दळीत आणि त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचा काढा घालीत. अशा गिलाव्यास तडा गेल्यास त्यावर चुन्याचेच ठिगळ देता येते. चुना सावकाश घट्ट होतो, भिंतीतील ओल बाहेर पडू देतो आणि जुन्या थराशी एकजीव होतो.

गिलाव्यात वनस्पतींचे तंतू मिसळण्याची रीत या परिसरात फार जुनी आहे. अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या थरात तंतू व तुसे आढळतात. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. तंतूंमुळे गिलाव्याला तडे कमी जातात. घरच्या गिलाव्यात भुसा व शेण मिसळण्यामागील तत्त्वही हेच होय.

दुरुस्तीचे साहित्य मूळ साहित्याशी जुळणारे नसेल, तर दुरुस्तीच हानिकारक ठरते, याचे उदाहरणही अजिंठ्यातच मिळते. हैदराबाद संस्थानाने १९२०–२२ च्या सुमारास चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ञांकडून तेथील चित्रांचे संरक्षण करविले. निखळणारा गिलावा त्यांनी पक्का केला. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि तो काढण्याचे काम नंतरच्या रसायनज्ञांना करावे लागले. घरांच्या बाबतीत हीच चूक सिमेंटने घडली. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते, आतली माती भुसभुशीत होते आणि काही वर्षांनी वरचा कठीण थर मोठ्या पापुद्र्यासारखा सुटून येतो.

१९७२ पासून शहरात सिडकोने नवी वसाहत उभारण्यास आरंभ केला. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे लोकसंख्या वेगाने वाढली. सिमेंट-काँक्रीटच्या घरांत वार्षिक डागडुजीची गरज दिसेनाशी झाली आणि तिच्याबरोबर ती करण्याची सवयही गेली. काँक्रीटलाही निगा लागतेच. गच्चीवर पाणी साचून आतील सळया गंजल्या, की स्लॅबचे पोपडे पडू लागतात. फरक एवढाच, की मातीच्या छताचा दोष पहिल्याच पावसात कळतो, काँक्रीटचा अनेक वर्षांनी कळतो.

किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३·५६ च्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६·२ महत्तेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणेशविसर्जन आटोपून लोक घरांत झोपले होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सु. आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. या परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के जाणवले होते. तथापि त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात घातला गेला.

भूकंपाच्या महत्तेच्या मानाने मृत्यूंचे प्रमाण फार मोठे होते. त्याचे कारण घरांच्या रचनेत आणि त्यांच्या दुरुस्तीच्या पद्धतीत सापडते. दरवर्षी नवी माती टाकताना जुनी काढली जात नसे. त्यामुळे अनेक माळवदांची जाडी अर्ध्या मीटरहूनही अधिक झालेली होती. मातीची घनता लक्षात घेता अर्धा मीटर जाडीच्या थराचे वजन दर चौ. मी. ला सु. आठशे किग्रॅ. भरते. तीन मीटर लांब व तेवढ्याच रुंद खोलीवर असा सात टनांहून अधिक भार असतो. भूकंपात वस्तूवर येणारे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढत असल्याने जड छत अधिक जोराने हलते. भिंतींच्या आतील व बाहेरील बाजूंना जोडणारे आरपार दगड नसल्यामुळे त्या दोन्ही बाजू एकमेकींपासून फुटून कोसळल्या. अनेक ठिकाणी भिंती पडूनही खांब व तुळया यांची लाकडी चौकट उभी राहिल्याचे आढळले. मातीखाली गाडल्या गेलेल्यांना श्वास घेण्यास जागाही उरली नाही.

दुरुस्तीचा कार्यक्रम : भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या बावन्न गावांचे नव्या जागी स्थलांतर झाले. तितकी हानी न झालेल्या शेकडो गावांत मात्र वेगळे धोरण स्वीकारले गेले : घरमालकास अर्थसाहाय्य, साहित्य व अभियंत्याचे मार्गदर्शन द्यावयाचे आणि दुरुस्ती, मजबुतीकरण किंवा पुनर्बांधणी त्याने स्वतः करून घ्यावयाची. अशा रीतीने जवळजवळ दोन लाख घरांचे काम झाले. लोकसहभागासाठी ‘स्वयम्‌ शिक्षण प्रयोग’ या संस्थेची मदत घेण्यात आली. गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून काम करू लागल्या. मदतीचे हप्ते, साहित्याचा दर्जा व भूकंपरोधक बांधणीचे नियम त्यांनी घराघरांत समजावून सांगितले. पूर्वी सारवण व लिंपण यांपुरता मर्यादित असलेला स्त्रियांचा सहभाग अशा प्रकारे बांधकामाच्या देखरेखीपर्यंत पोहोचला.

मजबुतीकरणाची तंत्रे साधी होती. माळवदावरील जादा माती उतरवून सु. वीस सेंमी. थर ठेवणे व पाणी अडविण्यासाठी मातीत प्लॅस्टिकचा कागद घालणे, खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपे लाकडी आधार देणे, भिंतीला ठरावीक अंतरांवर आरपार भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट भरणे आणि घराभोवती तारेची जाळी व सिमेंट यांचा सलग पट्टा बांधणे ही त्यांतील प्रमुख होत. १९९३ मध्येच भारतीय मानक संस्थेने मातीची घरे, कमी बळकटीची दगडी बांधकामे आणि इमारतींची दुरुस्ती यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. नव्या दगडी भिंतीत उंचीत दर साठ सेंमी. वर व लांबीत दर एक मीटर वीस सेंमी. वर आरपार दगड घालावा, असे त्यांत सांगितले आहे.

तंत्र स्वस्त असूनही त्याचा स्वीकार सर्वत्र झाला नाही. डोळ्यांसमोर घर कोसळलेले पाहिलेल्या लोकांचा दगड-मातीवरील विश्वास उडाला होता. पुष्कळांनी माळवद काढून पत्रे घातले. पत्र्याने भार कमी झाला. परंतु उन्हाळा असह्य झाला आणि वाळवणाची व झोपण्याची जागा गेली. स्थलांतरित गावांत रुंद रस्ते व आखीव घरे मिळाली. तथापि जनावरे, कडबा व एकत्र कुटुंब यांच्या सोयीसाठी लोकांनी त्यांना स्वतः पडव्या, ओटे व चुलीच्या खोल्या जोडल्या. शासनाने पूर्ण करून दिलेल्या घरांचीही अशा रीतीने घरच्या हातांनी दुरुस्ती सुरू झाली.

सद्यःस्थिती : १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांमुळे पक्क्या घरांचे प्रमाण वाढले असून माळवदी घरांची संख्या घटत आहे. उरलेल्या घरांपैकी पुष्कळांत वृद्ध माणसेच राहतात. माती आणणे व चोपणे त्यांना झेपत नाही आणि कुशल सुतार सहज मिळत नाही. अशा घरांना भूकंपाइतकाच सततच्या पावसाचाही धोका असतो. वाळवी लागलेले खांब, भिजून जड झालेली माती आणि फुगवटा आलेली भिंत ही धोक्याची ठळक लक्षणे होत. फुगवटा आलेल्या भिंतीवर नुसता गिलावा केल्यास दोष झाकला जातो, दूर होत नाही.

मराठवाड्यातील गृहदुरुस्तीच्या इतिहासातून माळवद मुळातच सदोष होते, असा निष्कर्ष निघत नाही. मर्यादित जाडीचे छत, शाबूत लाकूड व आरपार दगडांनी बांधलेली भिंत असेल, तर ते घर या हवामानास अनुरूप आहे. पूर्वीच्या दुरुस्तीत भर घालण्याची रीत होती, काढून टाकण्याची नव्हती. नवा थर देण्यापूर्वी जुना उतरविणे, एवढाच बदल त्या रीतीत करावा लागतो. तो करण्यासाठी लागणारी साधनेही पूर्वीचीच आहेत : खोरे, टोपली आणि घरातील माणसे.